गोल्फ क्लबवर गोल्फ कुठंय? — आणि दर शुक्रवारी लागणारा निकाल

(एपिसोडचं लेखी रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. ऐकायला वेळ नसेल तर बसमध्ये वाचा.)

 

आज सुरुवात आपल्या गोल्फ क्लब ग्राउंडपासून. नाशिकच्या बाहेरून ऐकणाऱ्यांसाठी सांगते. नाशकात मध्यवस्तीत एक मोठं मैदान आहे. त्याचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पण रिक्षावाल्याला तुम्ही ते नाव सांगितलंत तर तो क्षणभर तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, “गोल्फ क्लब ना? बसा.”

तर परवा सकाळी मी तिथे चालायला गेले होते. नेहमीचंच चित्र. चालणारे काका-काकू, भरतीची तयारी करणारी पोरं, नेटमध्ये क्रिकेटचा सराव. याच मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने होतात, त्यामुळे क्रिकेटचा मान इथे पहिला. माझ्या पुढे एक बाबा आणि त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी चालले होते. मुलीने विचारलं, “बाबा, गोल्फ क्लब आहे तर गोल्फ कुठंय?” बाबा हसले आणि म्हणाले, “गोल्फ श्रीमंतांचा असतो. चल, उशीर होतोय.”

आता नाव कुठून आलं? इंग्रजांच्या काळात साहेब लोक नाशकात गोल्फ खेळायचे. साहेब गेले, खेळ गेला, नाव राहिलं. आणि मैदानाला ज्यांचं नाव दिलंय ते अनंत कान्हेरे कोण, तर २१ डिसेंबर १९०९ ला नाशकातल्या विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणारे क्रांतिकारक. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. म्हणजे एकाच मैदानाला साहेबाच्या खेळाचं नाव आणि साहेबावर गोळी झाडणाऱ्याचंही नाव. आपण दोन्ही सहज वापरतो.

असो. त्या मुलीचा प्रश्न डोक्यात घेऊन मी घरी आले, तर फोनवर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज होता. मुलगा जिल्ह्यातलाच. वय १९. खेळ कुठला ते सांगू नका म्हणालाय, म्हणून सांगत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: “ताई, मला खेळातच करिअर करायचंय. घरी खूप भांडण झालं. शेवटी पप्पा म्हणाले, दोन वर्षं देतो, नंतर गपगुमान नोकरी बघायची. दोन वर्षं पुरतात का हो? मला खरं सांगा, मोटिव्हेशन नको.”

“मोटिव्हेशन नको” हे मला फार आवडलं. म्हणून ठरवलं, आज याला उत्तर द्यायचं, आणि ते गोल्फमधून द्यायचं. तुम्ही म्हणाल गोल्फच का? कारण मला माहीत असलेल्या खेळांमध्ये पैशाचा आणि कामगिरीचा हिशोब इतका उघड असलेला दुसरा खेळ नाही. प्रोफेशनल गोल्फरचं आयुष्य समजलं ना, की कुठल्याही खेळातल्या करिअरचा प्रश्न नीट विचारता येतो.

आधी खेळ समजून घेऊ, दोन मिनिटांत

गोल्फच्या पूर्ण कोर्सवर १८ होल असतात. प्रत्येक होल किती फटक्यांत पूर्ण व्हायला हवा हे ठरलेलं असतं, त्याला म्हणतात पार. सगळ्या होल्सची बेरीज साधारण ७० ते ७२. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. ज्याचे फटके कमी, तो पुढे. क्रिकेटच्या बरोबर उलटं. इथे आकडा जितका लहान तितकं चांगलं.

व्यावसायिक स्पर्धा बहुतेक वेळा चार दिवसांची. रोज १८ होल, गुरुवारी सुरू, रविवारी संपली. भारतात आठवडा कधी कधी मंगळवार ते शुक्रवार असा असतो, पण गणित तेच. समोर प्रतिस्पर्धी तुम्हाला धक्का देत नाही, तुमचा बॉल अडवत नाही. तुम्ही, बॉल आणि कोर्स. चूक झाली तर बोट दाखवायला कुणी नाही.

नोकरी आहे, पण पगार नाही

आता करिअरकडे येऊ. भारतात पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फची मुख्य मालिका म्हणजे प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, पीजीटीआय. ही संस्था २००६ मध्ये सुरू झाली. २०२४ पासून तिचे अध्यक्ष कोण आहेत माहितीये? कपिल देव! क्रिकेट सोडल्यावर कपिल देव गोल्फमध्ये रमले, ते आता टूरच चालवतात.

या टूरवर खेळायचं तर आधी क्वालिफाइंग स्कूल. नावात स्कूल आहे, पण शिकवत काही नाहीत. ती सरळ प्रवेश परीक्षा आहे. देशभरातून खेळाडू येतात, आधी प्राथमिक टप्पे, मग अंतिम टप्पा, आणि त्यातल्या वरच्या काही जणांना टूरचं कार्ड मिळतं. बाकीचे पुढच्या वर्षी परत. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कार्ड मिळालं म्हणजे नोकरी लागली का? नाही. कार्ड म्हणजे फक्त स्पर्धेत उतरण्याचा हक्क. आता खरी मेख ऐका.

स्पर्धेत शंभराहून जास्त खेळाडू उतरतात. पहिले दोन दिवस सगळे खेळतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक रेघ ओढली जाते. तिला म्हणतात कट. पीजीटीआयवर साधारण वरचे ५० आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले पुढे जातात. उरलेले बॅग भरून घरी. आणि घरी जाणाऱ्यांना बक्षिसाचा एक रुपया मिळत नाही.

जगभरच्या मोठ्या टूर्सवर हा कट शुक्रवारी संध्याकाळी लागतो. म्हणजे आपण लोक शुक्रवारी वीकेंडचा प्लॅन करत असतो, तेव्हा गोल्फर मोबाइलवर स्कोअर बघत असतो, की या वीकेंडला आपल्याला काम आहे की नाही.

पैशाचं बोलू. पीजीटीआयच्या एक कोटी रुपये बक्षीस असलेल्या स्पर्धेत विजेत्याला साधारण १५ लाख मिळतात. ऐकायला भारी वाटतं. पण तो एकटा. खाली जाल तशी रक्कम भराभर घटत जाते, आणि अर्ध्याहून जास्त जणांना शून्य.

खर्च मात्र सगळ्यांना सारखा. प्रवास, हॉटेल, जेवण, एन्ट्री फी, कॅडीचे पैसे. कॅडी म्हणजे जो बॅग उचलतो आणि कुठला फटका कसा मारायचा यावर सल्लाही देतो. आपण नुसतं समजण्यासाठी एक हिशोब मांडू. हा माझा अंदाज आहे, कुणाचा खरा जमाखर्च नाही. समजा एका आठवड्याला ५० हजार लागले. वर्षात २० स्पर्धा खेळलात, तर १० लाख गेले. त्यातल्या १० स्पर्धांत कट चुकला, तर पाच लाख रुपये असे गेले की त्यांच्या बदल्यात परत काहीच आलं नाही. आणि यात कोच धरलेला नाही, स्टिक्स धरलेल्या नाहीत, घरी पाठवायचे पैसे धरलेले नाहीत.

आता विचार करा. क्रिकेटमध्ये रणजीचा खेळाडू शून्यावर आउट झाला तरी त्याला त्या सामन्याचं मानधन मिळतं. गोल्फर वाईट खेळला, तर त्याने स्वतःच्या खिशातून पैसे भरून वाईट खेळलेलं असतं. हा फरक मोठा आहे.

उदयन मानेची वेटिंग लिस्ट

आता एका खऱ्या माणसाची गोष्ट. पुण्याचा उदयन माने. नाव ऐकलंय? बऱ्याच जणांनी नसेल. हा मराठी मुलगा ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळून आलाय.

उदयनचा जन्म १९९१ चा. हौशी खेळाडू असताना २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तो भारताच्या संघात होता. त्यानंतर तो व्यावसायिक झाला. म्हणजे वयाच्या चोविशीच्या आसपास त्याने ठरवलं की आता यावरच पोट भरायचं. आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत पीजीटीआयवर त्याने ११ स्पर्धा जिंकल्या. अकरा! देशातल्या टूरवर अकरा वेळा पहिला येणारा माणूस, आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याचं नाव माहीत नाही. मलाही २०२१ पर्यंत माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू.

ऑलिंपिकचं तिकीट कसं मिळतं ते बघा. पुरुषांच्या गोल्फमध्ये जागा फक्त ६०. त्या जागतिक क्रमवारीवरून ठरतात, पण एका देशाचे साधारण दोनच खेळाडू घेतात. त्यामुळे बलाढ्य देशांचे अनेक चांगले खेळाडू बाहेर राहतात आणि यादी बरीच खाली सरकते. क्रमवारी म्हणजे काय, तर गेल्या दोन वर्षांच्या कामगिरीची सरासरी. म्हणजे एखादा आठवडा चमकून भागत नाही. दोन वर्षांचं सातत्य मोजतात.

२०२० चा मार्च आठवा. सगळं बंद. गोल्फच्या स्पर्धाही थांबल्या, ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं. ज्यांची क्रमवारी काठावर होती त्यांच्यासाठी ते वर्ष कसं गेलं असेल, कल्पना करा. २०२१ च्या जूनमध्ये शेवटची यादी लागली. अनिर्बन लाहिरीला जागा मिळाली. उदयन थोडक्यात बाहेर, राखीव यादीत.

आपल्या भाषेत सांगायचं तर वेटिंग. पंचवटी एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, वेटिंग आहे, आणि तुम्ही बॅग भरून नाशिकरोडला जाऊन उभे आहात. कुणीतरी कॅन्सल केलं तर आपलं कन्फर्म. नाहीतर घरी.

आणि झालं काय, तर अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली की उदयन माने टोकियोला जाणार. स्पर्धा २९ जुलैला सुरू होणार होती. हातात जेमतेम तीन आठवडे.

लोक याला नशीब म्हणतील. दुसऱ्याच्या माघारीपुरतं ते नशीबच आहे. पण वेटिंगमध्ये वरचा नंबर कुणी दिला? तो दोन वर्षांच्या गुणांनी दिला. ग्रिलोने माघार घेतली तेव्हा जगात हजारो गोल्फर होते. जागा उदयनलाच मिळाली, कारण त्या घडीला रांगेत तो तिथे उभा होता.

मग टोकियोत काय झालं? पहिल्याच दिवशी ७६. कोर्सचा पार ७१, म्हणजे पाच फटके जास्त. साठ जणांत शेवटचा. विचार करा, आयुष्यात एकदा मिळणारी संधी, तीही वेटिंगमधून मिळालेली, आणि पहिल्या दिवशी तुम्ही तळाला. ऑलिंपिकमध्ये कट नसतो, त्यामुळे चारही दिवस खेळावंच लागतं. घरी जाऊन उशीत तोंड लपवायची सोय नाही. तो पुढचे तीन दिवस खेळला आणि ५६ वा आला.

५६ वा. साठात ५६ वा. या आकड्याला कुणी टाळ्या वाजवणार नाही, रीलही बनवणार नाही. पण मला त्याची गोष्ट मेडलवाल्यांच्या गोष्टीपेक्षा जास्त उपयोगाची वाटते. कारण आपल्यातले बहुतेक जण, जिथे कुठे असू तिथे, त्या ५६ व्या नंबरच्या जवळपास असतो.

आणि वरच्या लोकांचं काय?

वरही कट आहेतच, फक्त वेगळे. त्याच टोकियोत मुलींच्या स्पर्धेत अदिती अशोक होती. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. आठवतंय? संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकला तोच दिवस. त्या सकाळी अख्खा देश गोल्फ बघत होता. बर्डी म्हणजे काय हे गूगल करत करत बघत होता. जागतिक क्रमवारीत २०० व्या नंबरवर असलेली बंगळुरूची मुलगी, बॅग उचलायला आई, आणि चार दिवस ती मेडलच्या शर्यतीत होती. शेवटी चौथी आली. ब्राँझ एका फटक्याने हुकलं. चार दिवसांत ७२ होल खेळून, एक फटका.

पुढे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत शेवटच्या दिवशी ती सात फटक्यांनी पुढे होती. त्या दिवशी ७७ चा स्कोअर झाला आणि गोल्ड गेलं, सिल्व्हर मिळालं. आशियाई स्पर्धेत गोल्फचं मेडल मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, हे खरंच. पण सातची आघाडी गेल्याचं दुःखही खरंच असणार. आणि हे त्याच वर्षात, ज्या वर्षी तिने युरोपातल्या महिला टूरवर दोन स्पर्धा जिंकल्या.

पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी घ्या. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो दुसरा आला. पहिल्या आणि दुसऱ्यात अंतर, पुन्हा एक फटका. बक्षिसाची रक्कम मात्र वीस लाख डॉलरहून जास्त होती. म्हणजे बघा, याच खेळात एक माणूस दुसरा येऊन कोट्यवधी कमावतो, आणि दुसरा माणूस रेघेखाली एका फटक्याने राहून हॉटेलचं बिल स्वतः भरतो.

“गोल्फ श्रीमंतांचा असतो” — खरंय का?

आता त्या बाबांच्या वाक्याकडे येते. गोल्फ श्रीमंतांचा असतो. बरंचसं खरं आहे. पूर्ण कोर्सला शंभर-सव्वाशे एकर जागा लागते. क्लबची मेंबरशिप, स्टिक्स, बूट, बॉल, सगळंच महाग. महाराष्ट्रात सिडकोने खारघरला सार्वजनिक गोल्फ कोर्स केलाय, पण अशी उदाहरणं थोडी. बाकी बहुतेक कोर्स क्लबचे, नाहीतर सैन्याचे.

पण भारतीय गोल्फचा इतिहास एवढाच नाही. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक होता अली शेर. दिल्लीच्या क्लबमध्ये कॅडी म्हणून वाढलेला माणूस. १९९३ मध्ये त्याने ती परत जिंकली.

मग कोलकात्याचा एसएसपी चौरसिया. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब, स्थापना १८२९. ब्रिटनच्या बाहेरचा जगातला सगळ्यात जुना गोल्फ क्लब. चौरसियाचे वडील तिथे मेंबर नव्हते. ते तिथलं गवत राखायचे. त्या गवतावर मुलगा खेळायला शिकला, कॅडी झाला आणि १९९७ मध्ये व्यावसायिक झाला. युरोपियन टूरची पहिली स्पर्धा कधी जिंकली? २००८ मध्ये. मधे किती वर्षं गेली? अकरा. नंतर २०१६ आणि २०१७, सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. रिओ ऑलिंपिकला भारताकडून गेला. गोल्फ ऑलिंपिकमध्ये ११२ वर्षांनी परत आलं होतं, आणि भारताच्या झेंड्याखाली उतरलेल्यांमध्ये हा गवत राखणाऱ्याचा मुलगा होता.

मी हे सांगून “गरिबीतूनही सगळं शक्य आहे” असं म्हणणार नाहीये. तसं म्हणणं सोपं असतं, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यावर अन्याय करणारं असतं. चौरसियासारखा एक दिसतो, तेव्हा बॅगा उचलणारे शेकडो जण आपल्याला दिसत नाहीत. मला वेगळी गोष्ट दाखवायची आहे. अली शेर आणि चौरसिया दोघांकडे पैसा नव्हता, पण एक गोष्ट होती. रोज मैदानात पाय ठेवायला मिळत होता. कामाच्या निमित्ताने का होईना, त्यांच्यासाठी दार उघडं होतं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी भाग. विहिरी खोदण्याची, दगड फोडण्याची कामं केलेला मुलगा रोइंगमध्ये रिओ ऑलिंपिकला गेला आणि १३ वा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक गोल्ड मिळवलं. ज्याच्या गावात पाण्याची मारामार, त्याने वल्हं कुठे धरलं? सैन्यात. सैन्यात भरती झाला नसता तर ती बोट त्याला कधी दिसलीच नसती. अंगात ताकद त्याच्या गावातल्या इतर पोरांच्याही असेल. पण बोटीपर्यंत रस्ता एकालाच सापडला.

म्हणून “गोल्फ श्रीमंतांचा असतो” हे वाक्य मी थोडं बदलेन. ज्या खेळाचं दार बंद, तो श्रीमंतांचा. त्या मुलीने “गोल्फ कुठंय?” विचारलं तेव्हा तिला खेळायचंच होतं असं नाही. पण उत्तर मिळालं ते असं, की पुन्हा विचारायची सोय राहिली नाही. एवढंच मला खटकलं.

तर भावा, दोन वर्षं पुरतात का?

आता तुझ्या मेसेजकडे येते. मोटिव्हेशन देणार नाही, शब्द पाळते.

चौरसियाला अकरा वर्षं लागली हे ऐकून घरी जाऊन “मला अकरा वर्षं द्या” असं म्हणू नकोस. आणि पप्पांना खलनायकही ठरवू नकोस. दोन वर्षांचा खर्च ते उचलणार आहेत. प्रोफेशनल गोल्फरला स्पॉन्सर असतो, तुझे स्पॉन्सर तुझे पप्पा आहेत. स्पॉन्सरला हिशोब विचारायचा हक्क असतो.

माझं म्हणणं एवढंच, की “दोन वर्षं” हा अर्धा करार झाला. दोन वर्षांनी काय बघायचं, हे कुणी ठरवलंय का? ते ठरलं नसेल, तर दोन वर्षांनी काय होईल मी सांगते. तू म्हणशील, “आता कुठे जमायला लागलंय.” पप्पा म्हणतील, “काय मिळवलंस?” दोघंही आपापल्या जागी बरोबर असाल, आणि पुन्हा भांडण.

गोल्फरच्या आयुष्यात निदान रेघ कुठे आहे हे आधीच माहीत असतं. तुझ्या खेळातला कट कुठला, ते आधी शोध. जिल्हा निवड? राज्य स्पर्धेत मुख्य फेरी? एखादं टायमिंग, एखादं रँकिंग? कोचला विचार, आणि कोचला गोड बोलायला लावू नकोस. सरळ विचार, “सर, माझ्या वयाचे राज्यातले पहिले दहा काय करतात आणि मी कुठे आहे?” तो आकडा कागदावर लिही आणि पप्पांना दाखव. दर तीन महिन्यांनी दोघं मिळून तपासा.

यात एक पथ्य. एका आठवड्यावरून निर्णय घ्यायचा नाही. उदयन माने पहिल्या दिवशी साठात शेवटचा होता. त्या एका दिवसावरून त्याचं माप काढलं असतं तर आधीची अकरा जेतेपदं कुठे गेली? वाईट दिवस सगळ्यांना येतो. पण वर्षभर, दीडवर्षभर आकडा हलतच नसेल, तर त्याला वाईट दिवस म्हणायचं नाही. तेव्हा स्वतःशी खरं बोलायचं. कट चुकणं ही लाज नाही. कट चुकतोय हे घरापासून आणि स्वतःपासून लपवणं, तिथून नुकसान सुरू होतं.

खर्चही लिही. प्रवास, फी, बूट, खुराक, सगळं. आपली पोरं मेहनतीचा हिशोब तोंडपाठ सांगतात, “रोज चार तास, रोज सहा तास.” पैशाचा विचारला की गप्प. घरच्यांची भीती बऱ्याचदा तुझ्या खेळाची नसते, न संपणाऱ्या खर्चाची असते. आकडा समोर असला की भीती थोडी आटोक्यात येते.

आणि शिक्षण सोडू नकोस हे मी सांगणार होते, पण ते तुला घरात दिवसातून चारदा ऐकू येत असेल. मी वेगळ्या शब्दांत सांगते. मैदानाजवळ राहायचे बरेच मार्ग असतात. कोचिंग, फिटनेस, पंच, मैदानाची देखभाल. चौरसियाच्या वडिलांनी गवत राखलं म्हणून मुलाला कोर्स मिळाला. खेळाडू म्हणून कट चुकला तरी माणूस खेळातून बाद होत नाही. हे मनात असेल तर ती दोन वर्षं गळ्याला फास लागल्यासारखी वाटणार नाहीत.

माझं उत्तर म्हणशील तर, दोन वर्षं जिंकायला पुरतीलच असं नाही. रांगेत आपण कुठे उभे आहोत हे कळायला मात्र पुरतात. ते प्रामाणिकपणे कळलं, तर पुढचं बोलणं तू आणि पप्पा भांडणाशिवाय करू शकाल. पुढे काय ठरतं ते मला कळव. चांगलं असो, वाईट असो, कळव.

चला, थांबते. परवा पुन्हा गोल्फ क्लबवर जाणार आहे. ती मुलगी दिसली तर तिला सांगेन, गोल्फ इथे नाही गं, पण आहे. पुण्याला येरवड्यात आहे, खारघरला आहे, आणि एकदा नुसतं बघून यायला काय हरकत आहे? बाबांनी रागाने बघितलं तर बघू.

तुमच्या गावात अशी कुठली जागा आहे, जिच्या नावात एक आणि आत भलतंच काहीतरी? आणि तुमच्या खेळातला कट कुठला? व्हॉइस मेसेज पाठवा. एक मिनिटाच्या आत बोला हं, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटं पाठवलं होतं. ऐकलं मी, पूर्ण ऐकलं, पण तरी.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि हेडफोन लावून रस्ता ओलांडू नका!